अभिनयाच्या वर्गात लेखणी हवी : अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

अभिनयाचे अभ्यासक्रम आखणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे अभिनय शिकायला येणाऱ्या मुलामुलींना आपण आवाज, उच्चार, हालचाल, रंगभूषा, प्रकाशयोजना असं पुष्कळ काही शिकवता. त्यांच्याकडून जगभरची नाटकं वाचून घेता, बसवून घेता. एक गोष्ट मात्र अनेक ठिकाणी राहून जाते. ही मुलं स्वतः लिहीत नाहीत. लेखनाचा वर्ग असलाच तर तो वेगळ्या मुलांसाठी असतो, नाहीतर ऐच्छिक असतो. माझी मागणी अशी आहे की अभिनयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला नाटक लिहायला लावावं आणि ते लेखन अभिनयाच्याच विषयात धरावं. त्यातून लेखकांची फौज निघेल असं मी म्हणत नाही. पण नट घडवण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे आणि त्याच वाटेने अधूनमधून एखादा मोठा लेखकही येतो, असं माझं ठाम मत आहे.

या मतामागे हॅरॉल्ड पिंटर या इंग्लिश नट-नाटककाराची कारकीर्द आहे. आपण ती वर्गात शिकवता, पण बहुधा शेवटाकडून शिकवता. २००५चं नोबेल, संवादांमधले विराम, 'ॲब्सर्ड' म्हणजे असंबद्ध नाटकं लिहिणारा हा शिक्का. हॅरॉल्ड पिंटरच्या लेखनाआधीची नटाची वर्षं मात्र एका ओळीत उरकली जातात. मला त्या वर्षांबद्दलच बोलायचं आहे.

लंडनच्या हॅकनी भागातल्या एका शिंप्याचा हा मुलगा, जन्म १९३०चा. शाळेत जोसेफ ब्रिअर्ली या इंग्रजीच्या शिक्षकांनी त्याला आधी मॅकबेथ आणि मग रोमिओ करायला दिला. १९४८मध्ये तो रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाला, पण तिथे त्याचं मन लागेना. मानसिक आजाराचं सोंग करून तो तिथून निघाला. पुढे ॲन्यू मॅकमास्टर या जुन्या वळणाच्या नटाच्या फिरत्या कंपनीतून त्याने आयर्लंडची गावं पालथी घातली. १९५३मध्ये डोनल्ड वुल्फिट या नटाच्या कंपनीत छोट्या भूमिका केल्या. १९५४पासून त्याने 'डेव्हिड बॅरन' हे नाव घेतलं आणि इंग्लंडमधल्या रेपर्टरी कंपन्यांत कामं केली. कोलचेस्टर, बोर्नमथ, टॉर्की, वर्दिंग अशी ही गावं. रेपर्टरीचं काम म्हणजे घाण्याला जुंपणंच. या आठवड्याचं नाटक रात्री करायचं, पुढच्या आठवड्याचं दिवसा बसवायचं आणि उरलेल्या वेळात भाड्याच्या खोलीत पाठांतर. नाटकंही बहुतेक नेहमीच्या बेताची. रहस्यनाटकं, हलक्या सुखात्मिका, दिवाणखान्यात घडणारे खून. पिंटरच्या वाट्याला अनेकदा धमकावणारी, काळ्या मनाची माणसं यायची आणि त्याला ती आवडायची.

या काळाकडे हलाखीची वर्षं म्हणून पाहायची सवय आहे. मला ती त्याच्या शिक्षणाची वर्षं वाटतात. आठवड्याला एक याप्रमाणे माणूस नाटकं पाठ करत जातो, तेव्हा त्याच्या अंगात काय मुरत असेल याचा विचार करा. कुठलं वाक्य जिभेवर अडतं आणि कुठलं आपोआप पुढचं वाक्य ओढून आणतं, हे त्याला व्याकरणाच्याही आधी कळतं. माहिती पुरवण्यासाठी लिहिलेलं वाक्य म्हणताना किती लाज वाटते, हेही कळतं. 'तुला आठवतंच असेल, तुझे वडील दहा वर्षांपूर्वी वारले' अशा धर्तीची वाक्यं प्रत्येक नटाने कधी ना कधी म्हटलेली असतात. पिंटरच्या नाटकांत अशी वाक्यं नाहीत. त्याची माणसं आपली माहिती देत नाहीत, दिली तर ती खरी असेलच असं नाही, आणि आदल्या दिवशी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी फिरवतात. समीक्षकांनी त्यावर तत्त्वज्ञानाचे इमले बांधले. तेही चुकीचे नसतील. पण मला त्याच्या मुळाशी एक नट दिसतो, ज्याने असली खुलासेवार वाक्यं आयुष्यभर पुरतील इतकी म्हटली होती.

विरामाचंही तसंच. वुल्फिटबद्दल पिंटरने सांगितलेली एक आठवण आपल्या प्रत्येक वर्गात वाचली जावी असं मला वाटतं. सॉफोक्लीसच्या ईडिपसच्या भूमिकेत वुल्फिट उंचावर, अंगाभोवती झगा लपेटून, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा. खाली दुसऱ्या पात्राचं भाषण संपतं. आता हा वळणार, आता हा बोलणार, हे सगळ्या नाट्यगृहाला कळलेलं असतं. वुल्फिट वळत नाही. बघणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होईपर्यंत तो क्षण धरून ठेवतो आणि मग झग्याच्या एका फटकाऱ्यासरशी वळतो. त्या कंपनीतला एक लहानसा नट हे पाहत होता. पुढे त्याच्या संहितांत तीन टिंबं, 'विराम' आणि 'शांतता' या तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. दिग्दर्शक पीटर हॉल तर तालमींमध्ये नटांकडून फक्त टिंबांचा आणि विरामांचा हिशेब पक्का करून घ्यायचे. रंगमंचावर न बोलता उभं राहण्याला किती वजन असतं, हे ज्याने पाहिलंय, तोच ते इतक्या नेमकेपणाने कागदावर मोजू शकतो.

आता पहिलं नाटक कसं झालं ते पाहा. १९५७. शाळासोबती हेन्री वुल्फ ब्रिस्टल विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकत होता. त्याला करायला एक एकांकिका हवी होती. त्याने पिंटरकडे मागितली. एवढ्यात होणार नाही असं पिंटरने कळवलं आणि नंतर चार दिवसांत 'द रूम' लिहून काढली, तीही दुसऱ्या नाटकात काम करता करता. वुल्फने ती बसवली आणि त्यात कामही केलं. मान्यवरहो, ही घटना आपल्यासारख्यांच्या आवारातली आहे. एक नाट्यविभाग, एक मोकळा रंगमंच, नवं काही करून बघायची मुभा असलेला एक विद्यार्थी आणि लिहून दे म्हणून गळ घातलेला एक नट. एवढ्यावर विसाव्या शतकातला एक मोठा नाटककार सुरू झाला. त्या विभागात वुल्फला 'आधी मान्यताप्राप्त नाटकंच करा' असं सांगितलं गेलं असतं तर?

त्याच वर्षी, एका लोकप्रिय फार्सच्या दौऱ्यावर असताना, पिंटरने 'द बर्थडे पार्टी' लिहिलं. समुद्रकाठच्या गावातलं भाड्याच्या खोल्यांचं एक कळकट घर, तिथे दडून राहिलेला एक माणूस, आणि त्याला शोधत आलेले दोघं. दौऱ्यावरच्या नटाने अशी घरं आणि अशा घरमालकिणी पुरेपूर पाहिलेल्या होत्या. ईस्टबर्नला अशाच एका घरात तो राहिलाही होता. मे १९५८मध्ये हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरमध्ये ते नाटक आलं आणि समीक्षकांनी ते झोडपलं. आठ प्रयोगांत ते बंद पडलं, आठवड्याचा सगळा गल्ला जेमतेम २६० पौंड. गुरुवारच्या दुपारच्या खेळाला सहा माणसं होती. पिंटर सांगायचा, की तो बाल्कनीकडे निघाला तेव्हा दारावरच्या बाईने अडवलं, आणि आपण लेखक आहोत असं सांगितल्यावर तिला त्याची फार कीव आली. 'संडे टाइम्स'मध्ये हॅरॉल्ड हॉब्सनने या लेखकावर आपली सगळी प्रतिष्ठा पणाला लावली, पण ते परीक्षण छापून आलं तेव्हा नाटक उतरून एक दिवस झाला होता.

घरी चार-पाच महिन्यांचं मूल. पत्नी व्हिव्हियन मर्चंट, तीही नटी. अशा वेळी त्याला कशाने तारलं? अभिनयाने. तो पुन्हा डेव्हिड बॅरन होऊन कामाला लागला. बीबीसीसाठी 'अ स्लाइट एक' हे नभोनाट्य लिहिलं, रेव्ह्यू म्हणजे गाणी-प्रहसनांच्या कार्यक्रमांसाठी छोटी प्रहसनं लिहिली. आणि १९६०मध्ये 'द केअरटेकर' आलं, ते चारशेहून अधिक प्रयोग चाललं. लेखक म्हणून आपटलेल्या माणसाला नट म्हणून उभं राहता येतं, हा फायदा पैशापुरता नाही. दुसऱ्यांची नाटकं रोज करत राहिल्याने हात लिहिता राहतो. लेखन आणि अभिनय ही दोन करिअर मानून विद्यार्थ्याला एकाची निवड करायला लावणं मला म्हणूनच खटकतं. पिंटरने ती निवड कधी केलीच नाही. 'द केअरटेकर'च्या धंदेवाईक प्रयोगांत तो स्वतः काही आठवडे मिकच्या भूमिकेत उभा राहिला. 'द होमकमिंग'मधला लेनी केला. १९८७मध्ये बीबीसीच्या 'द बर्थडे पार्टी'त गोल्डबर्ग केला. आणि २००६मध्ये, नोबेलनंतर, कर्करोगाने शरीर खिळखिळं झालेलं असताना, रॉयल कोर्टमध्ये चाकाच्या खुर्चीत बसून नाटककार बेकेटचं 'क्रॅप्स लास्ट टेप' केलं.

आता पटकथांकडे येतो. इथे माझं म्हणणं अधिक पटेल अशी मला आशा आहे. नाटककार सिनेमाकडे गेला की तो संवाद वाढवतो, अशी तक्रार असते. पिंटर उलट वागला. दिग्दर्शक जोसेफ लोझीसाठी त्याने तीन पटकथा लिहिल्या. 'द सर्व्हंट' १९६३, 'ॲक्सिडेंट' १९६७, 'द गो-बिटवीन' १९७१. तिन्ही दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवरून. 'द सर्व्हंट'च्या मूळ कथेत गोष्ट सांगणारा एक मित्र आहे, तो पिंटरने काढूनच टाकला. 'ॲक्सिडेंट'ची कादंबरी एका माणसाच्या मनात चालते. ते मन आवाजाच्या रूपाने पडद्यावर आणायचा मोह त्याने टाळला आणि माणसं बाहेरून जशी दिसतात तशीच ठेवली. जेवणाचं टेबल, टेनिस, कंटाळवाणी दुपार, आणि खाली काहीतरी सडतंय. हा विश्वास कुठून आला? मनातलं सगळं बोलून न दाखवताही नट ते पोहोचवू शकतो, हे त्याने स्वतःच्या देहावर अनुभवलेलं होतं. ज्या लेखकाने कधी अभिनय केला नाही किंवा जवळून पाहिला नाही, त्याचा नटावर एवढा भरवसा बसत नाही. मग तो सगळं लिहून ठेवतो.

'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन' हे तर या मुद्द्याचं लखलखीत उदाहरण. जॉन फाउल्सची कादंबरी एकोणिसाव्या शतकात घडते, पण सांगणारा आजचा आहे, मध्येच येऊन बोलतो, आणि शेवट एकाहून जास्त आहेत. तिचा चित्रपट करण्यापुढे अनेकांनी हात टेकले होते. १९८१च्या चित्रपटात पिंटरने काय केलं? त्याने ही गोष्ट चित्रित करणारे नट-नटीच गोष्टीत आणले. तेव्हाच्या प्रेमकथेला एक शेवट, ती साकारणाऱ्या आजच्या दोन कलावंतांच्या प्रेमाला दुसरा. भूमिका संपल्यावर माणसाचं काय उरतं, हा प्रश्न ज्याच्या अंगावरून गेला आहे त्यालाच ही युक्ती सुचावी. या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुढे 'बिट्रेयल'लाही मिळालं. फ्रेंच लेखक प्रूस्तच्या महाकादंबरीवरची त्याची पटकथा मात्र कधी चित्रपट झाली नाही. ती पुस्तक म्हणून १९७७मध्ये निघाली. पटकथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला हेही येतं, आणि तेही विद्यार्थ्यांना आधीच कळलेलं बरं.

पिंटर अपवाद होता, असं आपण म्हणाल. प्रतिभेबद्दल ते खरं आहे, वाटेबद्दल नाही. जॉन ऑस्बर्न रेपर्टरीतला नट होता. १९५६मध्ये त्याचं 'लुक बॅक इन अँगर' हे नाटक आलं आणि पुढे 'टॉम जोन्स' या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. अमेरिकेत शिकागोच्या स्टेपनवुल्फ थिएटरचा ट्रेसी लेट्स नट म्हणूनही तेवढाच मोठा. 'ऑगस्ट : ओसेज काउंटी'ला २००८चं पुलित्झर, २०१३मध्ये अभिनयाचं टोनी, आणि आपल्या तीन नाटकांच्या पटकथाही त्याच्याच. मागे जायचं तर फ्रेंच नाटककार मोलिएर आहे. १६६०मध्ये 'स्गानारेल'मधली स्गानारेलची भूमिका त्याने स्वतः केली. त्या नाटकाचं इंग्रजी रूप झालं आणि त्यावरून मराठीत 'संशयकल्लोळ' आलं. ते मराठीत कुणी आणलं? गोविंद बल्लाळ देवलांनी, जे किर्लोस्कर नाटक मंडळीत काम केलेले, नटांना तालीम देणारे. देवलांच्या 'शारदे'तली वाक्यं १८९९ सालची असूनही आज म्हणताना जिभेवर जड होत नाहीत. दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं घासून घासून बसवून घेणाऱ्या माणसाने ती लिहिली आहेत, हे ऐकतानाच कळतं. आपल्या काळात पु. ल. देशपांडे आधी 'कुबेर'मध्ये पडद्यावर आले आणि १९५३मध्ये 'गुळाचा गणपती'ची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका सगळं त्यांनीच केलं. गिरीश कुलकर्णींना 'देऊळ'साठी अभिनयाचा आणि संवादांचा असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार एकाच वर्षी मिळाले. हे दोन पुरस्कार एकाच कामाचे आहेत असं मी मानतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यातला एक मला पूर्ण मान्य आहे. थोर नाटककार व्हायला नट असावं लागत नाही. तेंडुलकर पत्रकार होते, चेखव डॉक्टर होते. पण मी लेखकांनी अभिनय करावा असं म्हणत नाही. अभिनय शिकणाऱ्यांनी लिहावं असं म्हणतो.

नट लिहायला बसला की स्वतःसाठी टाळ्यांची वाक्यं लिहितो, हा दुसरा आक्षेप. लिहितो खरा, पहिल्यांदा प्रत्येकजण लिहितो. त्यावर उपायही तालमीतच आहे. लिहिणाऱ्याला त्याच्याच नाटकातली सगळ्यात लहान भूमिका द्या. तीन वाक्यं असलेला नोकर त्याला वठवू दे. आपण या माणसाला रंगमंचावर नुसतं उभं करून ठेवलंय, त्याला करायला काहीच दिलेलं नाही, हे त्याला दुसऱ्याच तालमीला कळेल. लेखनावरच्या व्याख्यानातून ते कळायला वर्षं जातात.

वेळ नाही, हा तिसरा. पण स्वतः लिहिलेल्या विद्यार्थ्याची दुसऱ्याची संहिता वाचण्याची रीतच बदलते. तो आपली वाक्यं रंगीत पेनाने अधोरेखित करून बाकीचं सोडून देत नाही. जुन्या मंडळ्यांत नटाला फक्त त्याच्याच वाक्यांची नक्कल उतरवून मिळायची, तेव्हा ती अडचण होती. आज अख्खं नाटक हातात असूनही पुष्कळ मुलं आपल्या नकलेपुरतीच वाचतात. लिहिलेला नट मात्र विचारतो, माझ्या वाक्याआधी ती गप्प का झाली? भूमिकेच्या विश्लेषणासाठी आपण जे तास घालवता, त्यातले निम्मे इथे वाचतात.

मग प्रत्यक्षात काय करावं? पहिल्या वर्षी प्रत्येकाने दोन पात्रांचा एक प्रवेश लिहावा, ज्यात एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं आहे आणि ते त्याने एकदाही उघड मागायचं नाही. तो दुसऱ्यांनी करायचा, लिहिणाऱ्याने अंधारात बसून ऐकायचा आणि मध्ये तोंड उघडायचं नाही. शेवटच्या वर्षी एक एकांकिका, प्रेक्षकांसमोर, तिकीट लावून. पडली तरी चालेल, किंबहुना काही पडायलाच हव्यात. त्यासोबत एक कथा घेऊन तिचा पटकथेतला एक भाग लिहायचा, आणि त्यात निवेदकाचा आवाज वापरायला बंदी. परीक्षकांत किमान एक नट असावा, ज्याने ती वाक्यं स्वतः म्हणून पाहिली असतील. कागदावर छान दिसणाऱ्या संवादांना गुण देण्याची चूक त्याने टळेल.

आणि एक तास कायद्याला द्या. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा रॉयल्टीचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आला. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला आपला वाटा लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही, करारात तसं लिहून घेतलं तरीही. सेटवर संवाद सुधारून देणारे, प्रवेश नव्याने लिहून देणारे कितीतरी नट आहेत, त्यांचं नाव श्रेयनामावलीत येत नाही आणि त्यांना ते मागायचं असतं हेही माहीत नसतं. आपले विद्यार्थी त्याच बाजारात उतरणार आहेत.

नव्या वर्षाचे अभ्यासक्रम ठरवायला आपण बसाल तेव्हा हे पत्र समोर असावं, एवढी विनंती. पूर्ण विषय लगेच मंजूर होणार नाही, समित्यांचं काम कसं चालतं हे मी जाणतो. त्याची वाट न पाहता येत्या सत्रात एका वर्गाला तो दोन पात्रांचा प्रवेश लिहायला द्या. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. मुलांनी लिहिलेलं वाचायला, तालमीला येऊन बसायला मी आणि माझ्यासारखे अनेकजण तयार आहोत. बोलवाल तेव्हा येऊ.

आपला,
रंगभूमीवरचा एक जुना कार्यकर्ता